मोटारगाडी व पर्यायी इंधने

पेट्रोल किंवा डीझेल यांवर चालणाऱ्या अंतर्ज्वलन-एंजिनाऐवजी अथवा त्याच्या जोडीला वाफ, वीज, अल्कोहॉल, प्रोड्यूसर वायू, नैसर्गिक वायू इ. शक्तिसाधने वापरणाऱ्या मोटारगाड्यांचा इतिहास मोटारगाडीइतकाच जुना आहे. पेट्रोलची गाडी ही मूळ व बाकीच्या गाड्या हे तिला मागाहून सुचलेले पर्याय, अशी जी सर्वसाधारण समजूत आढळते ती वस्तुस्थितीला धरून नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पेट्रोल हाच अनेकांपैकी एक पर्याय होता आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तरी तो संख्येने सर्वांत मागे होता. त्यानंतर सव्वाशे वर्षांत पेट्रोलची गाडी व इतर गाड्या यांची तुलना निरनिराळ्या देशांत वारंवार करण्यात आली. या तुलनेचा निर्णय यंत्राच्या गुणदोषांवर जितका अवलंबून राहिला, तितकाच किंबहुना त्याहून अधिक, कोणता खर्च हिशेबात धरावयाचा व कोणता वगळावयाचा यावर अवलंबून राहिला. प्रवासाचा पल्ला, इंधनाची उपलब्धता, परकीय चलन, शहरातील हवा आणि अलीकडे वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइड अशा वेगवेगळ्या बाबी वेगवेगळ्या काळी निर्णायक ठरल्या.

आद्य स्पर्धा : गास्ताँ प्लांते या फ्रेंच भौतिकीविज्ञांनी १८५९ मध्ये शिसे-अम्ल प्रकारच्या संचायक घटमालेचा शोध लावला व कामीय फोर यांनी १८८१ मध्ये तीत महत्त्वाची सुधारणा केली. त्याच वर्षी ग्यूस्ताव्ह त्रूव्हे यांनी पॅरिसमध्ये विजेवर चालणारी तीनचाकी गाडी चालवून दाखविली. कार्ल बेन्झ यांनी आपल्या पेट्रोल एंजिनाच्या तीनचाकीचे एकस्व (पेटंट) घेतले ते २९ जानेवारी १८८६ रोजी, म्हणजे त्यानंतर. ताशी १०० किमी. वेगाची मर्यादा प्रथम ओलांडली तीही विजेच्याच गाडीने. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळील आशेर येथे कामीय झेनात्झी या बेल्जियन चालकाने आपली बंदुकीच्या गोळीच्या आकाराची गाडी ताशी १०५.८८ किमी. वेगाने चालविली. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या ४,१९२ मोटारगाड्यांपैकी १,६८१ वाफेवर, १,५७५ विजेवर आणि अवघ्या ९३६ पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या.

या आकड्यांचे आज नवल वाटते, परंतु त्या काळच्या शहरवासीयाच्या दृष्टीने त्यात नवल काहीच नव्हते. पेट्रोलची गाडी सुरू करण्यासाठी पुढील बाजूस दांडा बसवून तो जोराने फिरवावा लागे. एंजिनाने उलटा झटका दिल्यास चालकाचे मनगट मोडण्याचा धोका असे. तिला गियर बदलण्याची यातायात होती, धूर होता, दुर्गंधी होती आणि आवाजाने घोडे बुजत. विजेच्या गाडीत यांपैकी एकही दोष नव्हता. लंडनमध्ये १८९७ साली विजेच्या भाडोत्री गाड्या रस्त्यावर आल्या व त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्येही त्या सुरू झाल्या. न्यूयॉर्कच्या व्यवस्थेत उतरलेली घटमाला काढून तिच्या जागी भारित घटमाला बसविण्याची सोय मुख्य ठाण्यावर केलेली होती. अलीकडे नवी म्हणून पुढे आलेली घटमाला बदलण्याची कल्पना अशी सव्वाशे वर्षे जुनी आहे. या दोन्ही उपक्रमांना यश आले नाही. घटमाला जड होत्या, रस्त्यावरील धक्क्यांनी त्यांच्या पट्टिका झिजत, टायर लवकर निकामी होत आणि दुरुस्तीचा खर्च भाड्याच्या उत्पन्नाबाहेर जाई. लंडनमधील गाड्या १८९९ मध्ये बंद पडल्या व न्यूयॉर्कमधील व्यवसाय चालविणाऱ्या मंडळीचे १९०७ मध्ये दिवाळे निघाले.

विजेच्या गाडीची मूळ अडचण भौतिकीय स्वरूपाची होती. एक किग्रॅ. पेट्रोलात सु. १२,००० वॉट-तास इतकी ऊर्जा सामावलेली असते, तर एक किग्रॅ. शिसे-अम्ल घटमालेत जेमतेम ३० ते ४० वॉट-तास. पेट्रोल एंजिन इंधनातील ऊर्जेपैकी चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचविते व विद्युत् चलित्र (मोटर) आपल्याला मिळालेल्या ऊर्जेचा चार-पंचमांशाहून अधिक भाग उपयोगात आणते, हे लक्षात घेतले तरी तफावत फार मोठी राहते. त्यामुळे विजेच्या गाडीचा पल्ला गावाच्या वेशीपाशी संपत असे. शहरातील डॉक्टर, धनिक घरांतील स्त्रिया व दुकानदार यांना तेवढा पल्ला पुरत होता. हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा याही डिट्रॉइट येथे विजेचीच गाडी वापरीत. पण मोटारगाडी ही लांबच्या प्रवासाची, खेड्यापाड्यांतून हिंडण्याची गाडी आहे अशी कल्पना रूढ झाल्यावर पल्ल्याचा प्रश्न निर्णायक ठरला.

यात इंधनाच्या वितरणाचा वाटा एंजिनापेक्षा कमी नव्हता. ऑगस्ट १८८८ मध्ये बेन्झ यांच्या पत्नी बेर्टा आपल्या दोन मुलांसह मॅनहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत सु. १०० किमी. अंतर मोटारीने गेल्या, तेव्हा वाटेत व्हीस्लोख येथील औषधांच्या दुकानातून त्यांनी डाग काढण्यासाठी विकला जाणारा खनिज तेलाचा हलका अंश विकत घेऊन तो गाडीत घातला. पेट्रोल हे असे डब्यात भरून कोणत्याही दुकानात ठेवता येणारे इंधन होते. वीज तशी नव्हती. अमेरिकेतही १९३५ च्या सुमारास दहा शेतकरी कुटुंबांपैकी एकाच्याच घरी वीज पोहोचलेली होती. दिव्याच्या तेलासाठी खनिज तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांना पेट्रोल हा प्रथम नकोसा उपपदार्थ वाटे. टेक्सस राज्यातील स्पिंडलटॉप येथे १० जानेवारी १९०१ रोजी तेलाचा प्रचंड झोत उसळल्यानंतर कच्चे तेल स्वस्त झाले व या उपपदार्थाला गिऱ्हाईक मिळाले. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत् आरंभक कॅडिलॅक गाडीत बसविण्यात आला आणि दांडा फिरविण्याचे कष्ट संपले. विजेच्या गाडीचा मुख्य गुण अशा रीतीने एका लहानशा विद्युत् चलित्राच्या साहाय्यानेच पेट्रोलच्या गाडीने आत्मसात केला. १९०८ मध्ये ८५० डॉलर किंमत असलेली फोर्ड यांची ‘टी’ नमुन्याची गाडी १९२० नंतरच्या काही वर्षांत ३०० डॉलरच्याही खाली आली, तेव्हा स्पर्धा संपल्यासारखीच होती. निकेल-लोह घटमालेवर टॉमस एडिसन यांनी अनेक वर्षे खर्ची घातली व फोर्ड यांच्याशी मिळून स्वस्त विद्युत् गाडी काढण्याची १९१४ साली घोषणाही झाली, पण ती बाजारात आली नाही.

वाफेच्या गाड्यांविषयी येथे थोडेच सांगणे पुरे. त्या वेगवान होत्या; १९०६ मध्ये स्टॅन्ली बंधूंच्या वाफेच्या गाडीने ताशी २०५ किमी. वेग गाठला. परंतु वाफ तयार होईपर्यंत थांबावे लागे आणि वाटेत पुनःपुन्हा पाणी भरावे लागे. १९२० नंतरच्या दशकात त्या मागे पडल्या.

दोन्ही शक्तिसाधने एकाच गाडीत वापरण्याची कल्पनाही याच काळातील आहे. फेर्डिनांट पोर्श यांनी १९०० च्या सुमारास व्हिएन्ना येथील लोनर यांच्या कारखान्यात पेट्रोल एंजिनाने जनित्र फिरवून त्या विजेवर चाकांतील चलित्रे चालविणारी गाडी बनविली. शिकागो येथील वुड्‌स कंपनीने १९१६ मध्ये कमी वेगाला विजेवर व जास्त वेगाला पेट्रोलवर चालणारी गाडी विक्रीस काढली. तिची किंमत साध्या गाडीच्या कितीतरी पट होती. ती फार काळ टिकली नाही.

अल्कोहॉल व शिसे : पेट्रोलने बाजी मारल्यावरही इंधनांची तुलना थांबली नाही. अधिक शक्तीसाठी सिलिंडरातील मिश्रण जास्त दाबले की पेट्रोल वेळेआधीच पेट घेई व एंजिनात ठोके बसत. हा दोष अल्कोहॉलाने दूर होतो हे १९२० च्या सुमारास माहीत होते. अल्कोहॉल धान्यापासून, उसाच्या मळीपासून कोठेही करता येते. तथापि त्याचे प्रमाण बरेच ठेवावे लागते, म्हणजे तितके पेट्रोल कमी खपते. शिवाय अल्कोहॉलावर कोणाला एकस्व मिळण्यासारखे नव्हते. केटरिंग यांच्या हाताखाली काम करणाऱ्या टॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड या शिसेयुक्त संयुगाचा गुण आढळला. त्याचा एका गॅलनमध्ये काही ग्रॅमच अंश पुरे होई. फेब्रुवारी १९२३ मध्ये असे पेट्रोल विकावयास आले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात हे द्रव्य हाताळणारे पाच कामगार भ्रम होऊन मरण पावले. मे १९२५ मध्ये सरकारने तज्ञांची परिषद बोलाविली आणि पुढील वर्षी, बंदी घालण्यास पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष निघाला.

शिसे हे विष आहे, ही गोष्ट त्या वेळी अज्ञात नव्हती. पेट्रोलच्या धुरातून ते थोडथोडे, पण सर्व माणसांच्या शरीरांत जाईल आणि विशेषतः लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करील, हा खर्च मात्र कोणत्याच हिशेबात मांडला गेला नाही; कारण तो इंधन विकणाऱ्याला किंवा विकत घेणाऱ्याला द्यावा लागत नव्हता. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर पूर्ण बंदी १९९६ मध्ये आली. भारतात सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले ते १ फेब्रुवारी २००० पासून. जगात सर्वांत शेवटी, जुलै २०२१ मध्ये, अल्जीरियाने त्याची विक्री थांबविली. पेट्रोलची गाडी स्वस्त पडते असा जो निर्वाळा विसाव्या शतकात सतत दिला गेला, त्याच्या पोटात ही जवळजवळ शंभर वर्षांची उधारी होती.

युद्धकाळातील प्रोड्यूसर वायू : दुसऱ्या महायुद्धात तुलनेला वावच उरला नाही, कारण पेट्रोल मिळत नव्हते. लाकूड अथवा लोणारी कोळसा अपुऱ्या हवेत जाळला असता कार्बन मोनॉक्साइड व नायट्रोजन हे प्रमुख घटक असलेला ज्वलनशील वायू तयार होतो. तो गाळून व थंड करून पेट्रोल एंजिनात सोडता येतो. झॉर्झ अँबेर या अल्सेसमधील अभियंत्याने १९२० नंतरच्या दशकात यासाठी सोयीची भट्टी बनविली होती. युद्धाच्या अखेरीस जर्मनीत सु. पाच लाख वाहने या वायूवर चालत होती. स्वीडनसारख्या तटस्थ, पण तेलाची आयात तुटलेल्या देशात त्यांची संख्या सु. ७०,००० होती. हिंदुस्थानातही पेट्रोलचे नियंत्रित वाटप सुरू झाल्यावर प्रवासी मोटारींच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसविण्यात आल्या. मागील बाजूस उभी पिंपाएवढी भट्टी, निघण्यापूर्वी हाताने पंखा फिरवून ती पेटविणारा माणूस आणि घाट आला की खाली उतरून चालणारे उतारू, हे दृश्य त्या पिढीच्या महाराष्ट्रातील लोकांना चांगले परिचित होते.

एक लिटर पेट्रोलऐवजी अडीच ते तीन किग्रॅ. वाळलेले लाकूड लागे. एंजिनाची शक्ती तीस टक्क्यांपासून निम्म्यापर्यंत घटे. राख काढणे, गाळण्या धुणे व भट्टी पेटविणे यांत चालकाचा रोजचा बराच वेळ जाई आणि बंद जागेत वायू कोंडल्यास विषबाधा होई. पेट्रोल पुन्हा मिळू लागताच या भट्ट्या बहुतेक ठिकाणी मोडीत निघाल्या. यावरून पर्याय निरुपयोगी होता असा निष्कर्ष काढतात, तो मात्र पुरता खरा नाही. पेट्रोल नाही म्हणजे प्रवासच नाही, अशा परिस्थितीत त्याने पाच-सहा वर्षे लाखो वाहने चालती ठेवली. तो टिकला असता तर जंगलांचे काय झाले असते, हा प्रश्न वेगळा.

ब्राझीलचा प्रयोग : पेट्रोलच्या गाडीला एका मोठ्या देशाने दुसऱ्या इंधनावरील गाडी सर्वत्र पर्याय म्हणून दिल्याचे पहिले उदाहरण ब्राझीलचे होय. ऑक्टोबर १९७३ मधील अरब-इझ्राएल युद्धानंतर खनिज तेलाची किंमत पिंपामागे तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या आसपास गेली. ब्राझील तेव्हा आपल्या गरजेचे सु. ८० टक्के तेल आयात करीत होता. योगायोगाने साखरेचे आंतरराष्ट्रीय भाव १९७४ च्या अखेरीस शिखरावर जाऊन कोसळले होते व साखर कारखानदार हवालदिल झाले होते. १४ नोव्हेंबर १९७५ रोजी तेथील लष्करी राजवटीने राष्ट्रीय अल्कोहॉल कार्यक्रम जाहीर केला. प्रथम पेट्रोलमध्ये निर्जल अल्कोहॉल मिसळण्यावर भर होता. १९७९ मधील दुसऱ्या तेलसंकटानंतर केवळ अल्कोहॉलावर चालणाऱ्या गाड्या काढण्यात आल्या. त्यांपैकी पहिली फियाट कंपनीची १४७ नमुन्याची होती. अल्कोहॉलाने गंजू नयेत म्हणून इंधनमार्गातील भाग बदलावे लागले, आणि थंडीत एंजिन सुरू व्हावे म्हणून पेट्रोलची एक लहानशी टाकी वेगळी ठेवावी लागे. सरकारने किंमत बांधून दिली, कर्जे व करसवलती दिल्या. १९८५ च्या सुमारास ब्राझीलमध्ये विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारगाड्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक अल्कोहॉलावर चालणाऱ्या होत्या.

लिटरमागे अल्कोहॉलात पेट्रोलच्या सु. दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणून त्याची किंमत पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तरच ते घेणे परवडते, हा ठोकताळा ब्राझीलमधील प्रत्येक मोटारचालकास पाठ आहे. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि हा हिशेब उलटला. सरकारला अनुदान पेलेना. दशकाच्या अखेरीस साखरेचे भाव वाढताच कारखान्यांनी ऊस साखरेकडे वळविला व १९८९-९० मध्ये अल्कोहॉलाची टंचाई निर्माण झाली. ज्यांच्या गाडीत दुसरे काही घालता येत नव्हते असे लाखो लोक विक्रीकेंद्रांपुढे रांगा लावून उभे राहिले. गिऱ्हाइकांचा विश्वास उडाला आणि दहा वर्षांच्या आत अल्कोहॉलाच्या नव्या गाड्यांची विक्री नाममात्र उरली. मार्च २००३ मध्ये फोक्सवॅगन कंपनीने दोहोंपैकी कोणतेही इंधन कोणत्याही प्रमाणात चालणारी ‘गोल’ ही गाडी आणली, तेव्हा कोठे गिऱ्हाईक परत आले. यंत्रातील सुधारणेपेक्षा निवडीचा अधिकार चालकाच्या हाती राहिला, ही गोष्ट येथे अधिक महत्त्वाची ठरली असे दिसते.

उसाची चिपाडे जाळूनच कारखाना चालत असल्याने ब्राझीलमधील उसाच्या अल्कोहॉलातून त्यासाठी खर्च झालेल्या खनिज इंधनाच्या सु. आठपट ऊर्जा मिळते, असे धरतात. अमेरिकेत मक्यापासून केलेल्या अल्कोहॉलाच्या बाबतीत ही वाढ अल्प असते. दुसऱ्या बाजूस, एक लिटर अल्कोहॉलामागे दहा लिटरांहून अधिक मळकट, आम्लयुक्त सांडपाणी उरते. आरंभीच्या काळात ते नद्यांत सोडले गेले. पुढे ते उसाच्या शेतात खतासारखे देण्याची पद्धत पडली. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांजवळच्या गावांना हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही.

शहरातील हवा व नैसर्गिक वायू : १९९० च्या दशकात तुलनेचे माप पुन्हा बदलले. कॅलिफोर्निया राज्याने १९९० मध्ये असा नियम केला की, मोठ्या कारखानदारांनी १९९८ पर्यंत विकलेल्या गाड्यांपैकी २ टक्के व २००३ पर्यंत १० टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या असाव्यात. त्यानुसार जनरल मोटर्स कंपनीने १९९६ पासून विजेच्या अकराशेहून थोड्या अधिक गाड्या केवळ भाडेपट्ट्याने दिल्या. नियम शिथिल झाल्यावर त्या परत घेऊन बहुतेक मोडून टाकण्यात आल्या. ज्यांनी त्या वापरल्या होत्या त्यांच्यापैकी काहींनी त्या विकत मागूनही मिळाल्या नाहीत.

भारतात हाच प्रश्न न्यायालयात सुटला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी आदेश दिला की, दिल्लीतील सर्व बसगाड्या ३१ मार्च २००१ पर्यंत संपीडित नैसर्गिक वायूवर (सी.एन.जी.) चालाव्यात. मुदत आली तेव्हा गाड्याही पुरेशा नव्हत्या व वायूची केंद्रेही. बसगाड्या व रिक्षा यांच्या रांगा रात्रभर उभ्या राहत. स्वच्छ, कमी गंधकाचे डीझेल हा स्वस्त मार्ग आहे, असे एका पक्षाचे म्हणणे होते. भेसळ करता न येणारे इंधनच दिल्लीला वाचवील, असे दुसऱ्या पक्षाचे. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने, सरकारने धुराची मर्यादा ठरवावी व इंधनाची निवड वापरणाऱ्यावर सोडावी, असे मत दिले. तात्त्विक दृष्ट्या ते बिनतोड होते. परंतु मर्यादा पाळली जाते की नाही हे तपासणारी यंत्रणा जेथे दुबळी असते, तेथे डोळ्यांना दिसणारा बदल करून घेणे न्यायालयास अधिक भरवशाचे वाटले असावे. ५ एप्रिल २००२ रोजी न्यायालयाने डीझेलवर चालणाऱ्या बसगाड्यांना दररोज ५०० रु. दंड ठोठावला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस शहरातील बसगाड्यांचे परिवर्तन पूर्ण झाले. हवा काही काळ सुधारली. पुढे वाहनांची, विशेषतः डीझेलच्या खासगी गाड्यांची, संख्या वाढत गेल्याने हा लाभ बराचसा ओसरला.

मुंबईत हे परिवर्तन तुलनेने शांतपणे झाले. मुंबई हाय क्षेत्रातील वायू नळाने उरणपर्यंत आलेला होता, १९९५ मध्ये त्याच्या शहरातील वितरणासाठी महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली होती, आणि टॅक्सीचालकास पेट्रोलपेक्षा वायू स्वस्त पडत होता. उच्च न्यायालयाच्या आदेशाला अशी किंमतीची जोड मिळाल्याने काळ्या-पिवळ्या टॅक्सी व रिक्षा काही वर्षांत वायूवर आल्या. टाकीने सामानाची जागा व्यापली, एवढीच काय ती उतारूंची तक्रार राहिली.

संकरित गाडी : पेट्रोल एंजिन व विद्युत् चलित्र यांची जोड असलेली गाडी मोठ्या प्रमाणावर प्रथम टोयोटा कंपनीने डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विकावयास आणली. तीत नवे इंधन काहीच नाही. सर्व ऊर्जा पेट्रोलचीच. एंजिन ज्या परिस्थितीत अकार्यक्षम असते, म्हणजे गाडी थांबलेली असताना, सुरू होताना व हळू चालताना, तेथे त्याला विश्रांती द्यावयाची, आणि गतिरोधक (ब्रेक) दाबताना उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा चलित्राकडून जनित्राचे काम करवून घेऊन घटमालेत साठवावयाची, एवढेच तिचे तत्त्व आहे. म्हणून तिचा फायदा गर्दीच्या शहरात फार व मोकळ्या महामार्गावर थोडा असतो. जानेवारी २०१७ पर्यंत या एका कंपनीच्या अशा गाड्यांची विक्री एक कोटीवर गेली. पोर्श व वुड्‌स यांच्या कल्पनेला ऐंशी वर्षे वाट पाहावी लागली, कारण दोन शक्तिसाधनांची सांधेजोड क्षणोक्षणी जुळविणारे इलेक्ट्रॉनीय नियंत्रण व हलक्या घटमाला त्या काळी नव्हत्या.

बाहेरून भारित करता येणाऱ्या संकरित गाड्यांनी मात्र मोजमापाची एक जुनी गोम उघड केली. प्रयोगशाळेतील चाचणीत त्या बहुतांशी विजेवर चालतात असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात अनेक मालक त्या भारित करण्याचा कंटाळा करतात. यूरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार रस्त्यावर त्यांचे कार्बन डाय-ऑक्साइडचे उत्सर्जन चाचणीतील आकड्याच्या सु. साडेतीनपट आढळले. डीझेलच्या बाबतीत तर सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीस आले की, फोक्सवॅगन कंपनीच्या सु. १ कोटी १० लाख गाड्यांत चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी योजना बसविलेली होती.

भारतातील सद्यःस्थिती : सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या लिथियम-आयन घटमालेने विजेच्या गाडीचा मूळ दोष बराच कमी केला. तिच्यात एका किग्रॅ.मध्ये १५० ते २५० वॉट-तास ऊर्जा मावते. २०२४ मध्ये नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या मोटारगाड्यांपैकी सु. ८९ टक्के विजेच्या होत्या. नॉर्वेची वीज जवळजवळ सर्व पाण्यापासून मिळते. भारतात सात-दशांशाहून अधिक वीज कोळशापासून होते. त्यामुळे येथे विजेच्या गाडीने वाचणारा कार्बन डाय-ऑक्साइड कमी असतो आणि धुराचा काही भाग मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरून उठून चंद्रपूरसारख्या वीजकेंद्रांच्या परिसरात जातो. घटमाला तयार करताना होणारे उत्सर्जन आरंभीच अंगावर येते व ते भरून निघण्यास गाडी हजारो किमी. चालावी लागते. घटमालेच्या काही प्रकारांना लागणारे कोबाल्ट मुख्यतः काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकातून येते व तेथील हातखाणींत मुले राबविली जातात, हेही या हिशेबात येते.

अल्कोहॉलाच्या मिश्रणाचा भारतातील इतिहास जुना आहे. १९४८ मध्ये त्याविषयी कायदा झाला होता, पण तो कागदावरच राहून २००० मध्ये रद्द झाला. त्यानंतर २००१ मध्ये महाराष्ट्रात मिरज व मनमाड येथे प्रायोगिक विक्री झाली, आणि जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू करण्यात आले. २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणून ते गाठण्यातही आले. अशा मिश्रणात लिटरमागे ऊर्जा सु. ७ टक्के कमी असते. जुन्या गाड्यांच्या मालकांनी २०२५ मध्ये केलेली कमी अंतराची तक्रार त्या मानाने निराधार म्हणता येत नाही. ब्राझीलप्रमाणे लिटरची किंमत त्या प्रमाणात कमी ठेवली असती, तर तिची धार बोथट झाली असती. ब्राझीलचा ऊस बहुतांशी पावसावर वाढतो, तर महाराष्ट्रातील ऊस पाटाच्या व विहिरीच्या पाण्यावर, आणि तोही दुष्काळी तालुक्यांच्या शेजारी. २०२३ साली पाऊस कमी झाल्यावर डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून अल्कोहॉल करण्यावर निर्बंध घातले. त्याची जागा मक्याने घेतली, आणि एरवी मका निर्यात करणारा देश २०२४ मध्ये त्याचा निव्वळ आयातदार बनला. कोंबड्यांचे खाद्य महागल्याची ओरड त्याच वर्षी झाली.

राहिला कराचा भाग. अनेक देशांत रस्त्यांचा खर्च पेट्रोल व डीझेल यांवरील करांतून काढला जातो. भारतात २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा संकरित गाडीवर अधिभारासह ४३ टक्के, तर विजेच्या गाडीवर १२ टक्के कर होता व तो ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के करण्यात आला. पेट्रोल कमी खपू लागले की ही तूट कोणी भरून काढावयाची, हा प्रश्न विजेच्या गाड्यांचा प्रसार झालेल्या देशांपुढे प्रथम उभा राहिला. आइसलँडने १ जानेवारी २०२४ पासून विजेच्या गाड्यांवर चाललेल्या अंतराप्रमाणे कर आकारण्यास सुरुवात केली व न्यूझीलंडने त्यांना दिलेली रस्ताशुल्काची माफी १ एप्रिल २०२४ पासून काढून घेतली.